थुनार बदलला, पुस्तिका जुनीच राहिली: दुरुस्ती कुठून सुरू करावी?

प्रश्न: अंबाजोगाईच्या एका महाविद्यालयात मी संगणक प्रयोगशाळा सांभाळतो. आमच्याकडे झुबंटू २०.०४ (लिनक्सचा एक प्रकार) होतं तेव्हा थुनार हा फाईल मॅनेजर कसा वापरायचा याची मराठी पुस्तिका आम्ही केली होती. साधारण चाळीस पानं, भरपूर चित्रं. आता यंत्रांवर २४.०४ आलंय, आणि कार्यालय व ग्रंथालयातली विंडोज १० ची यंत्रंही त्यावरच आणली. सगळे म्हणतात, पुस्तिकेत एक आणि पडद्यावर दुसरंच. सगळी चित्रं पुन्हा काढायची का? नावं मराठीत लिहायची की इंग्रजीत? माणसं कमी आहेत, सुरुवात कुठून करू?

उत्तर:

सुरुवात चित्रांपासून करू नका. मेनूचं चित्र जुनं असलं तर माणूस दोन मिनिटं इकडेतिकडे बघतो आणि बहुतेक वेळा त्याला ते सापडतं. पण ‘डिलीट केलेली फाईल परत कशी आणायची’ या पानावरची एक ओळ चुकीची असली, तर कुणाचा तरी प्रकल्प अहवाल जातो. क्रम त्या हिशेबानं लावा. ज्या पानामुळे माहिती जाऊ शकते ते आधी, ज्यामुळे काम अडतं ते त्यानंतर, नुसतं रंगरूप जुनं झालेलं पान सगळ्यात शेवटी. नव्या सुविधांची पानं तर त्याच्याही मागे.

आवृत्ती बदलली की आपला ओढा नवं काय आलं तिकडे असतो, म्हणून हा क्रम उलटा वाटेल. मी लातूर-नांदेड पट्ट्यात कार्यालयांसाठी आणि प्रशिक्षण वर्गांसाठी बरीच वर्षं अशा पुस्तिका लिहितोय. लोक जिथे अडकतात त्या जागा आणि आवृत्तीच्या ‘नवीन काय’ यादीतल्या जागा क्वचितच एक निघतात.

तरी यादी वाचावी लागतेच. थुनार ज्याचा भाग आहे तो झुबंटूचा डेस्कटॉप म्हणजे एक्सएफसीई. झुबंटू २०.०४ मध्ये एक्सएफसीई ४.१४ होतं, २४.०४ मध्ये ४.१८ आहे. मधली ४.१६ तुमच्या पुस्तिकेत आलीच नाही, म्हणून डिसेंबर २०२० ची ४.१६ आणि डिसेंबर २०२२ ची ४.१८ अशा दोन्हींची माहिती वाचा. एक्सएफसीईच्या संकेतस्थळावर प्रत्येक आवृत्तीची सचित्र फेरी असते, तेवढी पुरते. तुमच्या जुन्या मुखपृष्ठावर ‘थुनार १.८’ असं छापलेलं असणार. ४.१६ पासून थुनारनं स्वतःचा वेगळा क्रमांक सोडला आणि एक्सएफसीईचा घेतला. १.८ वरून एकदम चारच्या पुढे गेल्यामुळे लोकांना वाटतं सगळंच उलटंपालटं झालं. तसं काही नाही. फोल्डर उघडणं, कापणं-चिकटवणं, एफ २ दाबून नाव बदलणं, कंट्रोल+एच दाबून लपलेल्या फाईल पाहणं, हे होतं तसंच आहे. बरीच पानं तुम्हाला हातही लावावा लागणार नाही.

आता खोटी ठरलेली वाक्यं शोधा. तुमची पुस्तिका मी पाहिलेली नाही, पण त्या काळातल्या बहुतेक पुस्तिकांत ‘थुनारमध्ये शोधायची सोय नाही, त्यासाठी कॅटफिश (फाईल शोधायचा वेगळा प्रोग्राम) उघडा’ असं एक वाक्य असतंच. ४.१८ मध्ये कंट्रोल+एफ दाबलं की थुनारच आतल्या फोल्डरांसकट शोधतो. कॅटफिश अजून आहे आणि चालतोही, पण वाक्य खोटं झालं. बुकमार्क पूर्वी ‘गो’ मेनूत होते, आता त्यांचा स्वतंत्र मेनू आहे. ४.१६ पासून कॉपी मध्येच तात्पुरती थांबवायला बटण आलं आणि कॉपीची कामं रांगेत लावायची सोय आली. एक मोठी कॉपी चालू असताना दुसरी सुरू केली तर ती ताटकळत थांबलेली दिसू शकते, आणि कारकून समजतो यंत्र अडकलं. मग तो बटण दाबून यंत्रच बंद करतो. हे पान ‘काम अडतं’ या गठ्ठ्यातलं दिसतं, पण त्याला पहिल्या गठ्ठ्यात ठेवा.

४.१६ मध्येच आलेली आणखी एक सोय पुस्तिका लिहिणाऱ्याला फार छळते. प्रत्येक फोल्डर कसं दिसावं हे आता वेगवेगळं लक्षात ठेवता येतं. ती सोय कुणी चालू केली असेल तर एका फोल्डरात चित्रं, दुसऱ्यात यादी. तुमच्या पानावर ‘तिसऱ्या रकान्यात तारीख पाहा’ असं लिहिलेलं असेल आणि समोर रकानेच नसतील. उपाय सोपा आहे. रकान्यांवर विसंबणारी कृती जिथे जिथे आहे तिथे ‘आधी कंट्रोल+२ दाबा’ ही पायरी घाला. यादी समोर येते आणि पुढचं सगळं जुळतं.

ही तपासणी कुठल्या यंत्रावर करायची याला फार महत्त्व आहे. प्रयोगशाळा सांभाळणारा माणूस साहजिकच स्वतःच्या लॉगिनवर तपासतो, आणि त्याच्या लॉगिनमध्ये वर्षानुवर्षं केलेल्या सेटिंग साचलेल्या असतात. यंत्र अद्ययावत केलं तरी वापरणाऱ्याच्या घर-फोल्डरातल्या थुनारच्या जुन्या सेटिंग तशाच राहतात. म्हणजे २०.०४ वरून चढवलेल्या यंत्रावर जुन्या खात्याला एक दिसतं आणि कोऱ्या खात्याला दुसरं. तुमच्याकडे दोन्ही प्रकार आहेत, कारण विंडोज काढून नव्यानं बसवलेली कार्यालयातली यंत्रं कोरी आहेत आणि प्रयोगशाळेतली बहुधा चढवलेली. म्हणून दोन खाती घ्या, एक नवंकोरं आणि एक जुनं, आणि प्रत्येक पान दोन्हींवर करून बघा. जिथे दोन्हीकडे सारखं होतं ते वाक्य बिनधास्त छापा. जिथे फरक पडतो तिथे एक तर आधी सेटिंग सारखी करायची पायरी द्या, नाही तर मेनूचा रस्ता सोडून कळफलकाचा द्या. राइट-क्लिकच्या मेनूत तुम्ही स्वतःची काही खास कामं टाकली असतील, उदाहरणार्थ ‘प्रिंटरकडे पाठवा’, तर तीही खात्यागणिक साठवलेली असतात. नव्या खात्यात ती नसणार, आणि पुस्तिकेत त्यांचं चित्र असलं तर मुलं तेच शोधत बसणार.

मेनूवरून आठवलं. कुणीतरी नकळत कंट्रोल+एम दाबतं आणि वरची मेनूपट्टी नाहीशी होते. ‘सर, मेनूच गायब हून गेलाय की हो’ ही हाक तुम्ही ऐकली असेलच. पुन्हा कंट्रोल+एम दाबलं की पट्टी येते. ही ओळ पुस्तिकेच्या पहिल्या पानावर, चौकटीत. तिला आतल्या पानावर टाकून उपयोग नाही, कारण मेनू दिसत नसलेला माणूस आतपर्यंत पोचतच नाही.

आता पहिला गठ्ठा, म्हणजे पुसणं आणि परत आणणं. निम्मा वेळ इथेच घालवा.

४.१८ मध्ये थुनारला अनडू आलं. कंट्रोल+झेड दाबलं की नाव बदलणं, हलवणं, कचऱ्यात टाकणं यांसारखी शेवटची कृती मागे घेता येते. कंट्रोल+शिफ्ट+झेडनं ती पुन्हा करता येते. फार उपयोगाची गोष्ट आहे, पण पुस्तिकेत नुसतं ‘आता अनडू आहे’ असं लिहिलंत तर गोंधळ वाढवाल. लोकांना अनडू माहीत असतं ते लिहायच्या प्रोग्रामातलं, तिथे काहीही केलं तरी मागे येता येतं. थुनारमध्ये शिफ्ट+डिलीटनं कायमचं पुसलेलं मागे येत नाही. आणि कॉपीवर अनडू केलं तर नव्यानं तयार झालेली प्रत जाते. समजा मुलानं पेनड्राईव्हवरून अहवाल यंत्रावर आणला, मग थुनारच्याच खिडकीत असताना लिहिण्यातली चूक मागे घ्यायला म्हणून सवयीनं कंट्रोल+झेड दाबलं. यंत्रावरची प्रत गेली. पेनड्राईव्हवरची असते म्हणून बरं. म्हणून त्या पानावर तीन गोष्टी या क्रमानं लिहा: कायमचं पुसलेलं मागे येत नाही, कोणकोणत्या कृती मागे येतात, आणि दाबण्याआधी कोणती खिडकी समोर आहे ते पाहा. अनडूचं कौतुक हवं तर त्याखाली करा.

कायमचं पुसण्याचा पर्याय राइट-क्लिकच्या मेनूत दाखवायचा की नाही, ही थुनारच्या पसंतींमध्ये एक सेटिंग आहे. माझं मत, प्रयोगशाळेतल्या खात्यांवर ती बंद ठेवा आणि पुस्तिकेत तिचा उल्लेखच करू नका. काही लोकांना हे पटत नाही, पुस्तिका पूर्ण असावी असं त्यांचं म्हणणं असतं. सामायिक यंत्रावर चाळीस मुलं बसणार असतील तर मला पूर्णतेपेक्षा फाईल प्यारी आहे.

यानंतर पेनड्राईव्ह. मराठवाड्यात कुठल्याही तालुक्याच्या गावी कागदपत्रांचा खरा प्रवास पेनड्राईव्हवरूनच होतो. महाविद्यालयातून झेरॉक्सच्या दुकानात, तिथून सेवा केंद्रात, तिथून परत. आणि इथेच लिनक्सवरचा फाईल मॅनेजर विंडोजपेक्षा वेगळा वागतो. विंडोजवर पेनड्राईव्हवरची फाईल पुसली की सरळ जाते. थुनारमध्ये डिलीट दाबलं तर ती पेनड्राईव्हवरच एका लपलेल्या ट्रॅश फोल्डरात जाऊन बसते. परिणाम दोन. पेनड्राईव्ह भरला म्हणून मुलगी फाईल पुसत राहते, पण जागा काही वाढत नाही. ‘कामून जागा होईना?’ असं विचारत ती तुमच्याकडे येते. दुसरा परिणाम जास्त नाजूक आहे. ते फोल्डर बिंदूनं सुरू होतं म्हणून लिनक्सवर दिसत नाही, पण विंडोजला बिंदूचं काही सोयरसुतक नाही. झेरॉक्सच्या दुकानात तोच पेनड्राईव्ह लावला की फोल्डर उघड दिसतं आणि आत पुसलेल्या गुणपत्रिका, आधारच्या प्रती, सगळं हजर. म्हणून पुस्तिकेत पायऱ्या अशा द्या: फाईल पुसा, पेनड्राईव्ह लावलेला असतानाच कचरापेटी रिकामी करा, मग इजेक्ट करा. पेनड्राईव्ह काढून नेल्यावर कचरापेटी रिकामी केली तर त्याच्यावरचा कचरा तसाच राहतो.

इजेक्टची सूचना प्रत्येक पुस्तिकेत असते आणि कुणी पाळत नाही, कारण कारण सांगितलेलं नसतं. कारण लिहा. कॉपीची पट्टी संपली तरी माहितीचा काही भाग अजून यंत्राच्या स्मृतीत असू शकतो आणि तो सावकाश पेनड्राईव्हवर उतरत असतो. मोठी फाईल आणि जुना पेनड्राईव्ह असेल तर हे चांगलंच लांबतं. डाव्या बाजूला पेनड्राईव्हच्या नावाशेजारी जे चिन्ह असतं त्यावर क्लिक करून काढायला हरकत नाही असा संदेश येईपर्यंत थांबायचं. भारनियमनाच्या वेळापत्रकात ज्यांचं यंत्र इन्व्हर्टरवर चालतं त्यांना हे कारण लगेच कळतं. लाईट गेली की काय जाईल हे त्यांना वेगळं सांगावं लागत नाही.

‘नवीन काय’ यादीत कधीच न येणारा, पण आपल्याकडे रोज छळणारा विषय म्हणजे फाईलची नावं. तुमच्या जुन्या पुस्तिकेत हे पान नसेल तर या निमित्तानं घाला. कार्यालयात सगळ्यात जास्त वेळा द्यावंसं वाटणारं नाव कोणतं? ‘७/१२ उतारा’. आणि तेच चालत नाही, कारण तिरपी रेघ फोल्डरांमधली वाट दाखवायला राखून ठेवलेली आहे. गट क्रमांक ‘१२३/अ’ असेल तरी तेच. विंडोजवरही ती चालत नाही, पण विंडोजवर आणखी काही चिन्हं चालत नाहीत: विसर्गासारखं दिसणारं कोलन, प्रश्नचिन्ह, फुली (*), दुहेरी अवतरण. लिनक्सवर ही चालतात, आणि घोटाळा तिथेच होतो. ‘सभा: ठराव’ असं नाव यंत्रावर बिनतक्रार बसतं, पण पेनड्राईव्हवर टाकताना त्रुटी येते, कारण पेनड्राईव्ह बहुधा विंडोजच्या पद्धतीनं फॉरमॅट केलेला असतो. एकच नियम छापा: नावात अक्षरं, आकडे, मोकळी जागा, आडवी रेघ आणि अधोरेषा, एवढंच.

लांबीचाही पेच आहे. लिनक्सच्या नेहमीच्या एक्स्ट ४ फाईल प्रणालीत एका नावाला २५५ बाइटची मर्यादा आहे. रोमन अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन, आणि मात्रा, अनुस्वार, हलन्त ही सगळी वेगळी चिन्हं. ‘श्री’ हे आपल्याला एक अक्षर वाटतं, त्याचे बारा बाइट होतात. ‘छत्रपती संभाजीनगर’ एवढ्याचे ४९. म्हणजे निव्वळ देवनागरीत ८५ चिन्हांच्या वर नाव जात नाही. विंडोजचा हिशेब वेगळा असल्यामुळे तिथे याच्या तिप्पट लांब मराठी नाव चालतं. आता विद्यापीठाच्या परिपत्रकाचा अख्खा विषयच फाईलला नाव म्हणून देण्याची आपली पद्धत. विंडोजवर तयार झालेली अशी फाईल पेनड्राईव्हवरून तुमच्या यंत्रावर आणायला गेलं की ‘नाव फार लांब’ अशी त्रुटी येते आणि खापर लिनक्सवर फुटतं. पुस्तिकेत उपाय एका ओळीचा: पेनड्राईव्हवरच एफ २ दाबून नाव छोटं करा, मग कॉपी करा.

मराठी नावं शोधतानाही एक खाच आहे. ‘शेतकऱ्यांची यादी’ यातला ‘ऱ्य’ दोन तऱ्हांनी टंकता येतो. काही कळफलक ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरतात, काही साधा ‘र’, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह. दिसायला दोन्ही हुबेहूब. यंत्राला ही दोन वेगळी नावं आहेत, एकाच फोल्डरात शेजारी शेजारी बसू शकतात, आणि एका पद्धतीनं टंकून शोधलं तर दुसरी सापडत नाही. शोधाच्या पानावर म्हणूनच लिहा: पूर्ण शब्द टाकू नका, ‘शेतक’ एवढंच टाका. थुनारचा शोध नावातच शोधतो, फाईलच्या आतल्या मजकुरात नाही, हेही त्याच पानावर.

ग्रंथालयासाठी एक पान वेगळं करण्यासारखं आहे. तिथे जुनी कागदपत्रं स्कॅन होत असतील, आपल्या भागात तर निजामकाळातल्या उर्दू आणि मोडी नोंदींपासून, तर स्कॅनर देतो ती नावं सगळी ‘स्कॅन’ आणि पुढे आकडा. एकापेक्षा जास्त फाईल निवडून एफ २ दाबलं की थुनारचा सामूहिक नाव बदलण्याचा पडदा उघडतो. क्रमांक घालणं, शब्द बदलणं, तारीख घालणं, अक्षरं काढणं, सगळं तिथे आहे, आणि बदल करण्याआधी जुनं-नवं नाव शेजारी दिसतं. ही सोय जुनीच आहे, पण बहुतेक ठिकाणी कुणाला माहीत नसते. क्रमांक ००१ पासून सुरू करायला सांगा, म्हणजे फाईली दुसऱ्या कुठल्या यंत्रावर गेल्या तरी १ नंतर थेट १० येणार नाही.

विंडोज १० वरून आलेल्या कर्मचाऱ्यांसाठी (त्याला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे अशी माणसं आणखी येतील) दोनच पानं पुरतात. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: ‘डी ड्राइव्ह कुठाय?’ इथे ड्राइव्हची अक्षरं नसतात, घर-फोल्डर असतं, आणि जुन्या यंत्रावरचा डी चा माल तुम्ही आता कुठे ठेवलाय ते नेमकं दाखवा. सामान्य माहितीपेक्षा तुमच्या कार्यालयाच्या फोल्डराचा रस्ता त्यांना हवा असतो. मुलांची अडचण याच्या उलटी आहे. ती मोबाइलवर वाढलेली, त्यांना फोल्डर ही कल्पनाच नवी. ‘फाईल कुठे ठेवलीस?’ विचारलं तर उत्तर येतं, ‘वर्डमध्ये’. त्यांच्यासाठी पहिलं पान फाईल कुठे राहते याचं हवं, मेनूंचं नव्हे.

आता चित्रं. जिथे शब्दांनी काम भागतं तिथलं चित्र काढून टाका. पुढच्या आवृत्तीला तेवढं काम कमी. ठेवाल ती पूर्ण पडद्याची नकोत, संबंधित कोपऱ्यापुरतीच कापून घ्या. चित्रं घेण्यासाठी ‘नमुना’ नावाचं वेगळं खातं करा आणि त्यात खोट्या नावांच्या फाईली ठेवा. मी अनेक छापील पुस्तिकांत विद्यार्थ्यांची खरी नावं, आसनक्रमांक आणि ‘आधार’ लिहिलेल्या फाईली चित्रात आलेल्या पाहिल्यात, आणि अशी पुस्तिका एकदा वाटली की परत घेता येत नाही. शिवाय तुमची पुस्तिका शेवटी झेरॉक्स होऊनच फिरणार. लाल बाण झेरॉक्समध्ये राखाडी होतो, पिवळी चौकट तर दिसतच नाही. त्याऐवजी काळ्या वर्तुळात पांढरे आकडे टाका आणि मजकुरात ‘१ वर क्लिक करा’ असं लिहा. ४.१८ मध्ये फाईलींना रंग देण्याची सोय आली आहे, तिच्याही चित्राला हीच अडचण येईल.

नावं मराठीत की इंग्रजीत, याचं उत्तर तुमच्या पडद्यावर आहे. यंत्रं इंग्रजीत चालत असतील तर बटणाचं नाव पडद्यावर जसं आहे तसंच, त्याच लिपीत छापा आणि बाकीचं वाक्य मराठीत ठेवा. स्वतः भाषांतर केलेलं नाव छापलंत तर माणूस पडद्यावर ते शोधतो आणि त्याला ते मिळत नाही. यंत्रं मराठीत चालवणार असाल तर एक्सएफसीईचं मराठी भाषांतर ट्रान्सिफेक्स या भाषांतराच्या संकेतस्थळावर होतं, तिथली नावंच घ्या. एखादं नाव अडनिडं वाटलं तर पुस्तिकेत गुपचूप बदलू नका, तिथे जाऊन सुधारणा सुचवा. ती स्वीकारली गेली की पुढच्या आवृत्तीत पडदाही बदलेल.

पान दुरुस्त झालं की ते तुम्ही तपासू नका. तुम्हाला उत्तर आधीच ठाऊक आहे. कार्यालयातला एक कर्मचारी आणि प्रथम वर्षाची एक विद्यार्थिनी बोलवा, पान हातात द्या आणि सांगा, ‘यात लिहिलंय तसंच करा, मी काही सांगणार नाही.’ मग खरोखर काही सांगू नका. हे फार अवघड जातं, विशेषतः शिकवणाऱ्या माणसाला. बोट माउसवर कुठे थबकतं, कोणती ओळ दुसऱ्यांदा वाचली जाते, कुठे मान वर करून तुमच्याकडे बघितलं जातं, तेवढं टिपा. ‘हितं तर तसं बटनच नाही, सर’ असं वाक्य आलं तर पान परत लिहायचं. काम झालं का एवढंच बघू नका, ते पानामुळे झालं की त्यांच्या आधीच्या माहितीमुळे, तेही विचारा. पेनड्राईव्ह, कचरापेटी आणि अनडू या तीन पानांची अशी तपासणी झाल्याशिवाय छपाईला देऊ नका. बाकीची पानं घाईत गेली तरी चालतील.

पुस्तिका ठेवायची कशी, हेही ठरवून टाका. थुनारमध्ये एफ १ दाबलं तर तो इंटरनेटवरची मदत उघडायला विचारतो, एक्सएफसीईनं ४.१० पासून, म्हणजे २०१२ पासून, मदतीची पानं संकेतस्थळावर नेली आहेत. नेट बंद असलं की एफ १ चा उपयोग नाही. म्हणून तुमची पुस्तिका प्रत्येक यंत्रावर असू द्या आणि थुनारच्या डाव्या पट्टीत तिच्या फोल्डराचा बुकमार्क टाका. मूळ मजकूर एका मोठ्या फाईलीत न ठेवता विषयागणिक वेगळ्या फाईलीत ठेवा आणि प्रत्येक पानाच्या तळाशी बारीक अक्षरात ‘थुनार ४.१८ वर तपासलं’ आणि महिना-वर्ष लिहा. पुढच्या वेळी कोणतं पान मागे राहिलंय ते शोधावं लागणार नाही. जुन्या छापील प्रती मात्र गोळा करा, विशेषतः प्रिंटरशेजारी आणि ग्रंथालयाच्या काउंटरवर चिकटवलेली सुटी पानं. तीच लोक वाचतात. संकेतस्थळावरचा किंवा दुसऱ्या कुठल्या प्रकल्पाचा मजकूर घेत असाल तर तिथला परवाना वाचा आणि श्रेय द्या.

राहिला प्रश्न, डिसेंबर २०२४ मध्ये आलेल्या एक्सएफसीई ४.२० साठी आत्ताच लिहून ठेवावं का. नको. झुबंटू २४.०४ ला एप्रिल २०२७ पर्यंत आधार आहे आणि तोवर तुमच्या पडद्यावर ४.१८ च राहणार. २६.०४ वर जायचं ठरलं की आधी एकाच यंत्रावर बसवा, तिथे एक कोरं आणि एक जुनं खातं घ्या, आणि पहिल्या गठ्ठ्यातली पानं बाकी यंत्रं चढवण्याआधी तपासून घ्या.